विस्तव कोंडता आला पाहिजे

गेल्या अंकात माझ्या आजोबांच्या चकमकीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि या महिन्यात पोस्टमनने दारात गठ्ठाच टाकला. म्हणून बियाणं, साप, मधमाश्या हे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून आजचं सदर चकमकीलाच देते. ज्यांना गेला अंक मिळाला नाही त्यांच्यासाठी सांगते. आजोबा चोपडा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. कमरेला चामड्याचा बटवा असायचा. त्यात पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि बोटाएवढी बांबूची नळी. नळीत कापूस. बिडी पेटली की नळीच्या तोंडावर ते अंगठा ठेवायचे. तो अंगठा मी लहानपणी शेकडो वेळा पाहिला. त्याचा अर्थ मात्र बी.एस्सी. होऊन पंधरा वर्षं मुलींना विज्ञान शिकवून झाल्यावर कळला.

प्रश्न : बाई, आम्ही पाच मित्र डिसेंबरात तोरणमाळला गेलो होतो. ऑनलाइन मागवलेलं पोलाद, तापीच्या पात्रातली गारगोटी आणि घरच्या जुन्या उशीतला सावरीचा कापूस सोबत होता. ठिणग्या भरपूर पडल्या, पण कापूस काही पेटला नाही. शेवटी काडेपेटी काढली. घरी येऊन डब्यात घालून कापूस जाळून पाहिला, तर उघडल्यावर आत नुसती राख. काय चुकतंय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, पोलादात खोट नाही, गारगोटीतही नाही. ठिणग्या पडतायत ना, मग अर्धं काम झालं. तुमचा कापूस गोरा आहे, एवढंच. चकमकीला काळा कापूस लागतो. आमच्या घरात त्याला ‘जळका बोळा’ म्हणत. आजोबांच्या नळीतला कापूस वरून कायम काळाच असायचा, कारण आदल्या वेळी पेटलेला तो अंगठ्याखाली कोंडून विझलेला असायचा. आजची बिडी कालच्या विझलेल्या विस्तवावर पेटायची.

आता राखेचं. डबा गरम असतानाच उघडलात ना? खरं सांगा. मीही उघडला होता. शाळेच्या मैदानावर तीस मुली गोल करून उभ्या, मी मोठ्या ऐटीत ‘बघा हं’ म्हणून झाकण काढलं. आत छान काळेभोर बोळे होते. दोन सेकंदांत कडेनं लाल रेघ फिरली आणि सगळे बोळे माझ्या डोळ्यांदेखत राखाडी झाले. घाईत फुंकर मारायला गेले तर पदराला दोन भोकं पडली. तो पदर अजून कपाटात आहे. मुलींना मात्र तो तास जन्मभर लक्षात राहिला, असं त्या भेटल्या की सांगतात.

मी आता कसं करते ते सांगते. मार्गशीर्षात आमच्याकडे भरीत होतं. शेताच्या बांधावर कपाशीच्या वाळक्या काड्या रचून त्यावर बामणोदची हिरवी वांगी भाजायची. वांगी भाजून निघाली, बायका बडगीत ठेचायला बसल्या, की खाली उरतो निखाऱ्यांचा पसारा. तो वाया जाऊ द्यायचा नाही. माझा डबा तिथं जातो.

डबा बुटाच्या पॉलिशचा. झाकण घट्ट बसणारा, छोटा, चपटा. आधी तो रिकामाच निखाऱ्यावर ठेवून आतलं मेण आणि वरचा रंग जाळून टाकायचा, तेही वाऱ्याच्या बाजूला उभं राहून. त्या धुराचा वास पुढे भरताला लागला तर घरचे बोलणं सोडतील. झाकणाला मधोमध खिळ्यानं एक भोक. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक. भोक विसरू मात्र नका. बंद डब्यात वायू कोंडले तर झाकण उडून तोंडावर येईल. बांबूचं कांडं दोन्ही पेरांत बंद असलेलं विस्तवात घातलं तर ते फटाक्यासारखं फुटतं, हे सातपुड्यातल्या कोणत्याही पोराला विचारा.

आत माल, म्हणजे कापूस, सैल भरायचा, ठासायचा नाही. डबा जाळात नाही, निखाऱ्यावर. थोड्या वेळात भोकातून पांढरा दाट धूर सुटतो. त्याला काडी लावली तर धूरच जळतो, भोकावर छोटीशी ज्योत उभी राहते. मुली टाळ्या वाजवतात. धूर पातळ झाला की डबा सांडशीनं उलटा करायचा. पुन्हा धूर येईल. तोही थांबला की डबा बाहेर काढून भोकात बाभळीचा काटा खुपसायचा. हा काटा म्हणजे आजोबांचा अंगठा. यानंतर गप्प बसायचं. भरीत-भाकरी खायची, हवं तर कळण्याची. जेवण होईपर्यंत डबा पूर्ण गार होतो. गालाला लावून पाहायचा. गालाला गार लागला तरच उघडायचा.

माल सारखा काळा, हलका आणि अजून आकार धरून असेल तर जमलं. कुठे तपकिरी राहिला असेल तर परत निखाऱ्यावर. हात लावताच भुकटी झाली तर जास्त शिजला. राखाडी दिसला तर कुठून तरी हवा शिरली.

ठिणगी पडली की काळ्यावर लाल ठिपका दिसतो आणि हळूहळू पसरतो. ज्वाळा येत नाही, तिची वाटही पाहू नका. तो तुकडा वाळल्या गवताच्या घरट्यात ठेवून घरटं अलगद मिटायचं, तोंडापासून हातभर लांब धरायचं आणि फुंकत राहायचं. धूर दाटला की थांबू नका, पुढचाच श्वास पेटवतो.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. पांढरा कापूस पेटत नाही आणि जळलेला पेटतो, हे उलटं का? जळलेलं परत कसं जळेल? आणि पुस्तकात आदिमानव दोन गारगोट्या घासून आग काढतो असं चित्र आहे. मी गच्चीवर करून पाहिलं, आग लागली नाही.
— एक विद्यार्थिनी, पाचोरा

उत्तर : बाळा, गच्चीवर करून पाहिलंस याचेच निम्मे मार्क.

आधी कापसाचं. कापूस जळला असं आपण म्हणतो, पण डब्यात तो जळलेलाच नसतो. जळायला हवा लागते आणि डब्यात ती नव्हती. तो नुसता तापला. साधारण तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे कापसातला सेल्युलोज फुटू लागतो, पाणी आणि जळणारे वायू धूर होऊन निघून जातात, मागे राहतो मुख्यतः कार्बन. जळणं अजून बाकीच असतं. गोऱ्या कापसावर ठिणगी पडते तेव्हा तिची सगळी ताकद ओलावा उडवण्यात आणि कापूस फोडण्यात जाते, आणि तेवढ्यात ती विझते. काळ्याला हे आधीच सोसून झालेलं असतं. ठिणगी पडली की कार्बन थेट हवेशी जुळतो, उष्णता तयार होते, शेजारचा धागा तापतो, असं पुढे पुढे.

तुझ्या मनात आता येईल, मग चुलीतला कोळसा ठिणगीनं का पेटत नाही? बाभळीचा कोळसा भरीव असतो. ठिणगीची ऊब तो आत ओढून घेतो आणि ठिपका गार होतो. काळ्या कापसाचा धागा इतका बारीक की ऊब जाणार कुठे? शिवाय धाग्याधाग्यांत हवा खेळते. म्हणून आपल्याला पोकळ, तंतूदार, हलका माल हवा.

दोन गारगोट्या अंधारात घासल्या तर क्षणभर उजेड दिसतो आणि वेगळा वासही येतो, पण त्या उजेडानं काही पेटत नाही. चकमकीत ठिणगी दगडाची नसते. दगड कठीण, तो पोलादाचा बारीक कण खरवडतो आणि तो कण हवेत जळत खाली पडतो. लोखंड साधं असून चालत नाही, कडक पाणी दिलेलं, कार्बन जास्त असलेलं हवं. स्टेनलेसचा चमचा घासत बसू नकोस. लोहाराकडची जुनी कानस फार चांगली. डोळ्यांवर चष्मा घाल आणि आईला सांगून कर.

प्रश्न : बाई, गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत की सावरीच्या कापसावर ठिणगी पडली की तो धुमसतो. तुमचं चुकलं. माझे वडील सावरीच्या कापसाला आधी राख चोळायचे, मग नळीत भरायचे. नुसता कापूस भुर्रकन जातो किंवा पेटतच नाही.
— एक वाचक, धडगाव

उत्तर : मान्य, दादा. चूक माझीच. मी आजोबांच्या नळीतला काळा भाग पाहिला होता, त्यांनी आधी काय चोळलं होतं ते पाहिलं नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर शेजाऱ्यांच्या चुलीतली चाळलेली राख घेतली, सावरीच्या बोंडातला कापूस दोन तळव्यांत राखेबरोबर मळला आणि मग डब्यात भाजला. फरक स्पष्ट दिसला. ठिपका धरल्यावर सुटत नव्हता, गोगलगाईसारखा पण न थांबता पुढे सरकत होता.

कारणही आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, आणि पोटॅशियमनं कापसाचं धुमसणं सोपं होतं. जुन्या काळी जी तोड्याची बंदूक होती, तिची जामगी, म्हणजे धुमसती वात, सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवत, तेही धुमसणं टिकावं म्हणूनच. सोऱ्यातही पोटॅशियम असतं, शिवाय तो जळायला ऑक्सिजन पुरवतो. सोरा घरी आणून प्रयोग करू नका मात्र. राखेनं भागतंय.

सावरीचं झाड फाल्गुनात लाल फुलांनी भरतं आणि उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटतात. वाऱ्यावर उडणारा कापूस तेव्हा गोळा करायचा. उशीतला जुना, तेलकट डोक्यांखाली दबलेला कापूस अमळनेरच्या भाऊंनी वापरला, तोही एक घोळ असणार.

प्रश्न : आमच्या भागात सावर कमी, केळी जास्त. कापडाचा तुकडा डब्यात जाळतात हे माहीत आहे. पण रानात, शेतात मिळणारं दुसरं काय चालतं? केळीचा सोपट चालेल का?
— एक शेतकरी, फैजपूर

उत्तर : कापडाबद्दल एकच सांगते. ते शंभर टक्के सुती हवं. टेरिकॉटचा धागा पेटवून पाहिला की टोकाला घट्ट मणी होतो. तसला मणी झाला तर तो कपडा पुसायला ठेवा.

तुमचा सोपट घरट्याला सोन्यासारखा. केळीचं वाळलेलं सोपट उभं चिरून हातावर चोळलं की जे तंतू निघतात त्यांच्यात गवत मिसळलं तर काळ्या बोळ्याचा ठिपका पटकन ज्वाळेत जातो. भाजून काळं करायला मात्र तो मला जमला नाही. फार पातळ, भुकटी होतो. कुणाला जमला असेल तर लिहा.

माझी सगळ्यात आवडती वस्तू भेंड आहे. दादरीचं, म्हणजे दादर ज्वारीचं, ताट सोलून आतलं भेंड काढायचं. लहानपणी आपण त्याच्या बैलगाड्या आणि चष्मे करायचो, तेच. बोटभर तुकडे करून दोन दिवस उन्हात टाकायचे आणि डब्यात अंतर ठेवून भरायचे. भाजल्यावर तुकडा आकसून निम्मा होतो, पण काळा, मऊ, बारीक छिद्रांचा. कडेवर ठिणगी पडली की बघता बघता आत शिरते. कापसापेक्षा तो जास्त वेळ टिकतो, त्यामुळे घरटं सारखं करायला सवड मिळते. सूर्यफुलाच्या जाड दांड्यातला पांढरा गरही असाच.

दुसरं, कुजकं लाकूड. हे रानात सगळीकडे. पण प्रत्येक कुजकं लाकूड चालत नाही. नखानं दाबलं की स्पंजासारखं दबावं आणि हातात घेतल्यावर वजन लागू नये. सावर, पांगारा, सालई अशा मऊ लाकडांची पडलेली खोडं तपासा. आपल्याकडे वाळवी फार, तिनं माती भरलेलं लाकूड काळं होतं पण पेटत नाही. ते झटकून, उन्हात वाळवून बघा, नाहीतर सोडून द्या. कडूनिंबाच्या घट्ट फांदीच्या नादाला लागू नका.

तळ्याकाठचं पाणकणीस आहे, त्याच्या कणसातली लव. ती भाजली तर चालते, पण न भाजता तिला ठिणगी लावली तर भुर्रकन उडते, तिच्याजवळ चेहरा नेऊ नका. डब्यातही ती अर्धीच भरा.

डबाच नसेल तर? एक रात्र शेकोटी पेटली की दुसऱ्या दिवसाची सोय त्याच रात्री करायची. कुजक्या लाकडाचा तुकडा शेकोटीत धरून त्याची एक बाजू लाल झाली की तो कवठाच्या कोरलेल्या कवटीत टाकून वर सपाट दगड ठेवायचा आणि फटी ओल्या मातीनं लिंपायच्या. हवा तुटली की विस्तव मरतो, काळी बाजू मागे राहते. माझी आजी रात्री गोवरीचा निखारा राखेखाली लपवायची तेव्हा ती हवा पूर्ण तोडायची नाही, थोडी ठेवायची, म्हणून निखारा सकाळपर्यंत जगायचा. “इस्तो जपीसन ठेव व माय,” असं म्हणायची. राख चुकून फार दाबली गेली तर सकाळी शेजारी विस्तव मागायला जावं लागायचं आणि मग चार गोष्टी ऐकाव्या लागायच्या.

प्रश्न : पावसाळ्यात सातपुड्यात उतरलो तेव्हा काळे तुकडे सोबत होते, ठिणगी धरेचना. घरी उत्तम चालले होते.
— मूळ शिरपूरचा, आता नाशिकला

उत्तर : ओल लागली. काळा माल हवेतलं पाणी शोषतो. बाहेरून कोरडा दिसतो, पण धरत नाही. उन्हात तास-दोन तास ठेवा, परत ठीक होतो. ऊन नसेल तर शर्टाच्या आतल्या खिशात. चुन्याची डबी साठवायला सोयीची, झाकण घट्ट असतं. पण अॅल्युमिनियमची असेल तर तिच्यातच भाजायला जाऊ नका, पातळ अॅल्युमिनियम चांगल्या निखाऱ्यावर वितळतं. आणि भाजताना जस्ताचा पत्राही नको, त्याचा धूर घातक. घरात, बंद खोलीत हा उद्योग करू नका. नुकता गार झालेला डबा पिशवीत टाकण्याआधी एकदा उघडून पाहा, आत कुठे लाल उरलं नाही ना. माझ्या एका विद्यार्थिनीच्या दप्तरात टोपी जळाली होती. ती आता स्वतः शिक्षिका आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेचं शिबिर फेब्रुवारीत पाटणादेवीला आहे. तिथं मुलांना चकमकीनं आग काढायला शिकवावी म्हणतो. तुमचा डबा आणाल का?
— एक शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : सर, डबा आणीन, पण तिथं नाही. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात आहे, आणि फेब्रुवारीपासून सागाची पानं गळून रान कोरडं ठणठणीत होतं. भारतीय वन कायदा १९२७चा आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. दोन्हींत जंगलाला धोका होईल अशा रीतीनं आग पेटवणं गुन्हा आहे. मी म्हणते, कायदा नसता तरी नको. एका वाळल्या पानावर फुंकलेली ठिणगी वारा कुठे नेईल, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही.

तिथं मुलांना दगड दाखवा. त्याच भागात पाटणे इथं पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे, आणि दगडाची बारीक हत्यारंही. अशी हत्यारं ज्या कठीण, काचेसारख्या फुटणाऱ्या दगडांची करत, तसल्याच दगडाची धार चकमकीला लागते. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक भरलेले असतात. नाल्यात शोधायला लावा, प्रत्येकाला आपला दगड मिळेल. धार बघून निवडायचा, रंग बघून नाही.

पेटवणं मात्र शाळेच्या मैदानावर करू. वाळूची बादली आणि पाण्याची बादली जवळ, शेजारी झाड नको, वारा असेल तर दुसरा दिवस. कपाशीच्या काड्या तुम्ही आणा, डबा आणि बाभळीचे काटे मी आणते. वांग्यांचं तुम्हीच बघा. साठ मुलं असतील तर किमान दहा किलो लागतील.